फ्रॉइडपासून हॉर्नीपर्यंत: मनोविश्लेषण पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत मानसशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त पहिल्यांदा भेटतात ते बहुधा व्याख्यांच्या यादीच्या रूपात: इदम्, अहम्, पराहम्, पाच अवस्था, दहाबारा संरक्षण यंत्रणा, मग युंगचे आदिबंध आणि ॲडलरचा न्यूनगंड. यादी पाठ होते, उत्तरपत्रिकेत उतरते आणि सुट्टी लागेपर्यंत विसरली जाते, कारण त्यातली एक कल्पना दुसरीला कुठे जोडलेली आहे हे बहुधा दाखवलेलेच नसते. हा लेख बी.ए.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी तर आहेच, शिवाय आरोग्य केंद्रातील परिचारिका, शाळेतील शिक्षक किंवा पावसाळ्यात हाताशी थोडा वेळ असल्यामुळे कुतूहलाने हा विषय उघडणारा बागायतदार, अशा कोणत्याही नवख्या वाचकासाठीही आहे. यात सांगितलेली पद्धत साधी आहे. एक घरगुती प्रसंग शेवटपर्यंत हातात धरायचा आणि प्रत्येक विचारवंताला त्या प्रसंगाबद्दल स्वतःचा प्रश्न विचारू द्यायचा. या मंडळींनी दिलेली बरीच उत्तरे पुढे टिकली नाहीत, त्यांचे प्रश्न मात्र अजून कामाला येतात, असे माझे मत आहे. म्हणून उत्तरांच्या आधी प्रश्न शिकावेत.

पहिली पायरी: प्रसंग लिहा, अर्थ लावू नका

कणकवली तालुक्यातले एक कल्पित घर घेऊ. थोरला भाऊ मुंबईला नोकरीत आहे. धाकटा गावी राहून आंब्याची कलमे, थोडी भातशेती आणि आईचे औषधपाणी बघतो. गणपतीला थोरला सहकुटुंब येणार असून त्याला स्थानकावरून आणण्यासाठी रिक्षा सांगून ठेवण्याचे काम धाकट्याकडे आहे. "दादावर माझा कसलाही राग नाही" हे वाक्य धाकट्याने गेल्या काही वर्षांत कुणी न विचारता पुष्कळदा उच्चारलेले आहे. थोरल्यासाठी त्याने माडीवरची खोली दोनदा झाडून घेतली, नवी चादर घातली, पंखा दुरुस्त करून घेतला. आणि ऐन दिवशी तो रिक्षा सांगायचेच विसरला. थोरला बायकामुलांसह पावसात तासभर स्थानकावर ताटकळला. घरी पोचल्यावर धाकटा "दादा, इसारलंय रे" एवढेच म्हणाला आणि पुढच्याच मिनिटाला माटवी, म्हणजे गणपतीवरचे फळापानांचे छत, बांधणाऱ्या गड्यावर, त्यातले कवंडाळ हे रानफळ नीट टांगले नाही म्हणून, घर दणाणून सोडील इतका ओरडला.

हा प्रसंग वहीच्या डाव्या पानावर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. कोण काय बोलला, काय केले, काय करायचे राहिले, एवढेच लिहावे. "तो मनातून जळत होता" असे वाक्य डाव्या पानावर आले की ते खोडून उजव्या पानावर न्यावे, कारण तो अर्थ आहे, निरीक्षण नव्हे. मनोविश्लेषणाबद्दल, म्हणजे माणसाला स्वतःलाच न कळणारी वागण्याची कारणे शोधण्याच्या या रीतीबद्दल, जो काही घोळ होतो त्यातला निम्मा या दोन पानांची सरमिसळ केल्याने होतो.

दुसरी पायरी: मनाच्या जागा समजून घ्या

सिग्मुंड फ्रॉइड १८५६ साली मोरावियात जन्मला आणि व्हिएन्नात वाढला. तो वैद्यकातला पदवीधर. १८८५-८६ मध्ये पॅरिसला शार्को या मज्जाविकारतज्ज्ञाकडे त्याने हिस्टेरियाचे रुग्ण पाहिले आणि योझेफ ब्रॉयरबरोबर १८९५ मध्ये याच आजारावर पुस्तक प्रसिद्ध केले. शरीरात दोष सापडत नाही, तरीही हात लुळा पडतो किंवा वाचा जाते, आणि त्यामागे रुग्णालाच ठाऊक नसलेला एखादा हेतू किंवा आठवण असू शकते, या अनुभवातून पुढचा सगळा सिद्धान्त निघाला. म्हणून फ्रॉइड वाचताना त्याचा मूळ प्रश्न समोर ठेवावा: माणसाच्या वागण्याला असे कोणते कारण आहे की जे त्याचे त्यालाच कळू नये अशी व्यवस्था त्याच्याच मनाने केली आहे?

पाठ्यपुस्तकांतले हिमनगाचे चित्र या प्रश्नासाठी अपुरे आहे. त्यात पाण्याखालचा भाग नुसता पडून असतो. फ्रॉइडचे अबोध मन मात्र सतत वर येण्यासाठी ढकलत असते. १९१६-१७ मधील व्याख्यानांत त्याने स्वतः वापरलेले चित्र दोन दालनांचे आणि त्यांच्यामध्ये उभ्या असलेल्या पहारेकऱ्याचे आहे, आणि ते आपल्याकडच्या जुन्या घरात सहज बसते. पडवीत माणसांची दाटी आहे, प्रत्येकाला आत यायचे आहे. ही पडवी म्हणजे अबोध. आत ओटी आहे; ती बोधपूर्व. ओटीवर झोपाळ्यात बसलेले घरमालक म्हणजे जाणीव. पडवी आणि ओटी यांच्यामधल्या उंबरठ्यावर एक राखणदार उभा असून कुणाला आत सोडायचे आणि कुणाला परतवायचे हे तो ठरवतो. ज्याला त्याने परतवले ते दमन झालेले. ओटीवर आलेला प्रत्येक जण मालकांना दिसतोच असे नाही, पण त्यांनी मान वळवली की दिसू शकतो: शाळेतल्या बाईंचे नाव आत्ता मनात नसते, विचारले की आठवते, ते बोधपूर्व. पडवीतल्या माणसाला मात्र मालकांनी कितीही मान वळवली तरी दिसण्याची सोय नाही. बोधपूर्व आणि अबोध यांतला फरक लिहिताना "थोडे खोल, जास्त खोल" असे लिहिण्यापेक्षा मध्ये राखणदार आहे की नाही हे सांगावे.

प्रसंगाकडे वळू. ठरवलेले काम विसरणे हा प्रकार फ्रॉइडने १९०१ मध्ये तपशिलाने हाताळला. त्याच्या म्हणण्यानुसार, काम करण्याच्या इच्छेविरुद्ध एखादी प्रति-इच्छा उभी असेल आणि तिला उघडपणे "मी हे करणार नाही" म्हणता येत नसेल, तर ती विसरण्याच्या रूपाने आपले काम साधून घेते. धाकट्याने रिक्षा न सांगण्याचे ठरवले नव्हते. पण "येऊ दे की चालत" म्हणणारे काहीतरी पडवीत असावे, असे फ्रॉइड म्हणाला असता.

तिसरी पायरी: इदम्, अहम् आणि पराहम् यांना भांडताना बघा

१९२३ साली फ्रॉइडने नवी मांडणी केली आणि इथेच नवखा वाचक हमखास घसरतो. इदम् म्हणजे अबोध, अहम् म्हणजे बोध आणि पराहम् म्हणजे मधले काहीतरी, असे समीकरण तो मांडतो. ते चूक आहे. फ्रॉइडला नवी मांडणी करावी लागली त्याचे एक मोठे कारण असे की उपचारात रुग्ण ज्या जोराने एखादी गोष्ट टाळत असे, तो विरोधही रुग्णाच्या जाणिवेत नसे. म्हणजे अडवणारा भागही अबोधच. तेव्हा पडवी-ओटी हा जागांचा नकाशा आणि इदम्-अहम्-पराहम् ही कामांची वाटणी, असे दोन वेगळे नकाशे मनात ठेवावेत. इदम् पूर्णपणे अबोध आहे. अहम् आणि पराहम् यांचा काही भाग जाणिवेत आणि बराचसा बाहेर.

इदम् सुखतत्त्वावर चालते: हवे ते आत्ता हवे, परिणामांशी देणेघेणे नाही, आणि दोन परस्परविरोधी इच्छा तिथे शेजारी-शेजारी निवांत नांदतात. अहम् वास्तवतत्त्वावर चालतो. थांबतो, हिशेब करतो, वाट काढतो. पराहम् आईवडिलांच्या आज्ञा आणि आदर्श आत घेऊन बनतो; फ्रॉइडच्या मते त्याची घडण साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास, ईडिपस गंडाचा, म्हणजे मुलाला आईची ओढ आणि वडिलांशी चुरस वाटण्याच्या गुंत्याचा, निकाल लागताना होते. त्यात शिक्षा देणारी सदसद्विवेकबुद्धी आहे तसाच "असे व्हावे" म्हणणारा आदर्शही आहे.

धाकट्याच्या बाबतीत इदम्‌चे म्हणणे सरळ आहे: दादाने येऊ नये, आणि आला तर त्याचे हाल व्हावेत. पराहम् म्हणतो, थोरल्याचा मान राखावा, घरात सणासुदीला वाकडा शब्द नको, आईला काय वाटेल. अहम्‌ला या दोघांना सांभाळून शिवाय गाडीची वेळ, पाऊस, उपलब्ध रिक्षा आणि घरातली लगबग सांभाळायची आहे. उत्तर लिहिताना "इदम् म्हणजे मूलप्रवृत्ती" या व्याख्येवर थांबू नये. तिघांना एकाच प्रसंगात एकमेकांशी भांडताना दाखवले की वाचणाऱ्याला कळते की लिहिणाऱ्याला कळले आहे.

चौथी पायरी: संरक्षण यंत्रणा ओळखायला शिका

माझ्या मते संपूर्ण विषयातला हा सर्वांत टिकाऊ भाग आहे, म्हणून इथे घाई करू नये. १९२६ मध्ये फ्रॉइडने चिंतेचे वेगळे स्पष्टीकरण दिले: चिंता हा दमनाचा परिणाम नसून अहम्‌ला मिळणारा इशारा आहे. काहीतरी नको ते वर येते आहे, असा इशारा मिळताच अहम् बचावाला लागतो. त्या बचावाच्या रीतींची शिस्तशीर मांडणी ॲना फ्रॉइड या त्याच्या मुलीने १९३६ मध्ये केली. क्रम लक्षात ठेवावा: संघर्ष, मग चिंतेचा इशारा, मग बचाव, आणि तोच बचाव वर्षानुवर्षे वापरला गेला की त्याचा स्वभाव होतो. व्यक्तिमत्त्वाच्या धड्यात संरक्षण यंत्रणा का शिकवतात याचे उत्तर या शेवटच्या दुव्यात आहे.

यंत्रणा ओळखताना नावे आठवण्याआधी एकच प्रश्न विचारावा: मूळ भावनेचे काय झाले? ती जाणिवेतून नाहीशी झाली असेल तर दमन. तिच्या जागी नेमकी उलटी भावना आली असेल तर प्रतिक्रिया निर्मिती. भावना तीच, पण लक्ष्य बदलले असेल तर विस्थापन. भावना तीच, पण तिचा मालक बदलला, म्हणजे माझा राग मला दुसऱ्याच्या डोळ्यांत दिसू लागला, तर प्रक्षेपण. कृती तशीच राहिली आणि फक्त कारण बदलून सभ्य झाले तर समर्थन. आतली भावना राहिली बाजूला आणि बाहेरची वस्तुस्थितीच मान्य होत नसेल तर अस्वीकार. वय मागे जाऊन माणूस रुसून पांघरूण ओढून बसला तर प्रतिगमन. आणि तीच ऊर्जा समाजाला मान्य, उपयोगी कामात वळली तर उदात्तीकरण, ज्याला फ्रॉइड यशस्वी बचाव मानत असे.

या कसोटीवर आपला प्रसंग घासून पाहू. "कसलाही राग नाही" हे वाक्य दमनाकडे बोट दाखवते, मात्र राग त्याला ठाऊक असून तो मुद्दाम गिळत असेल तर ते दमन नव्हे. ते जाणीवपूर्वक आवर घालणे होय, आणि हा फरक न केल्याने अनेक उत्तरे फसतात. माडीवरची खोली दोनदा झाडणे ही प्रतिक्रिया निर्मिती असू शकते. आदरातिथ्य आणि प्रतिक्रिया निर्मिती यांत फरक कसा करायचा? तिची खूण म्हणजे अतिरेक आणि ताठरपणा: चादरीला एक सुरकुती राहिली तर जीव कासावीस होणे, कुणी "राहू दे, पुरे झाले" म्हटले तर चिडणे. गड्यावर ओरडणे हे विस्थापन. राग दादावर होता, दादावर ओरडणे परवडणारे नव्हते, आणि गडी उलट बोलणार नव्हता. विस्थापन बहुधा उतारावरून जाते, वरच्यावर निघणारा राग खालच्यावर. संध्याकाळी धाकटा आईला म्हणाला असता की "दादाच आल्यापासून माझ्यावर डाफरतो आहे", आणि प्रत्यक्षात थोरला गप्प असता, तर ते प्रक्षेपण ठरले असते. एकाच माणसाच्या एकाच सकाळी तीन यंत्रणा दिसू शकतात, हे लक्षात आले म्हणजे "या प्रसंगात कोणती यंत्रणा आहे" या प्रश्नाला एकशब्दी उत्तर शोधण्याची सवय सुटते.

पाचवी पायरी: मनोलैंगिक अवस्था, थोडक्यात

मौखिक, गुदा, लिंगकेंद्री, सुप्त आणि जननेंद्रिय या अवस्था सगळ्यांत जास्त पाठ केल्या जातात आणि माझ्या दृष्टीने नवख्याला सगळ्यांत कमी उपयोगी पडतात. त्यांचा पाया १९०५ मधील लेखनात आहे, आणि फ्रॉइडने बालपणाचा सिद्धान्त मुख्यतः प्रौढ रुग्णांच्या आठवणींवरून उभा केला हे विसरू नये. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेले पाच वर्षांच्या हान्सचे प्रकरणही बहुतांशी मुलाच्या वडिलांनी दिलेल्या माहितीवर आधारलेले होते. लक्षात ठेवण्याजोगी कल्पना स्थिरीकरणाची आहे: एखाद्या अवस्थेत फार लाड किंवा फार अडवणूक झाली तर ऊर्जेचा काही भाग तिथेच अडकतो आणि ताण आला की माणूस तिथे परततो.

१९०८ मध्ये फ्रॉइडने टापटीप, काटकसर आणि हट्टीपणा हे तीन गुण एकत्र आढळतात असे सांगून त्यांचा संबंध गुदा अवस्थेशी जोडला. हे वाचल्यावर कोकणी माणसाच्या काटकसरीचे मूळ तिथे शोधण्याचा मोह वर्गात कुणाला तरी होतोच. तो आवरावा. जिथे लहान-लहान वाटण्यांची जमीन, एकाच पावसावरची भातशेती आणि मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर कित्येक पिढ्यांची घरे चालली, तिथे काटकसरीला शौचाच्या सवयींपेक्षा जवळची कारणे आहेत.

सहावी पायरी: ॲडलरला "कशासाठी" विचारू द्या

१९०२ पासून व्हिएन्नात फ्रॉइडच्या घरी बुधवारी संध्याकाळी एक छोटे मंडळ जमत असे. आल्फ्रेड ॲडलर त्याच्या पहिल्या सदस्यांपैकी एक. १९११ मध्ये तो मतभेदांमुळे बाहेर पडला. लहानपणी मुडदूस झालेला आणि न्यूमोनियातून जेमतेम वाचलेला हा डॉक्टर १९०७ मध्ये इंद्रियांच्या दुबळेपणावर लिहीत होता: एखादे इंद्रिय कमकुवत असले की माणूस ती उणीव भरून काढण्यासाठी झटतो. तिथून तो व्यापक विधानाकडे गेला. प्रत्येक मूल मोठ्यांच्या जगात लहान आणि परावलंबी म्हणून जन्मते. न्यूनत्वाची भावना सार्वत्रिक आहे आणि माणसाची धडपड तिच्यातूनच सुरू होते.

मराठीत न्यूनगंड हा शब्द इतका रुळला आहे की विद्यार्थी न्यूनत्वाची भावना आणि न्यूनगंड एकच धरतात. ॲडलरच्या लेखी पहिली सर्वांना असते आणि उपयोगी असते. तिच्यापुढे माणूस हात टेकतो आणि प्रश्न सोडवण्याऐवजी सबबी शोधू लागतो तेव्हा गंड होतो. अहंगंड हा त्याच गंडाचा वरून घातलेला पेहराव. धडपड निरोगी आहे की नाही हे ठरवण्याची त्याची कसोटी सामाजिक आस्था ही आहे: ही धडपड इतरांच्या उपयोगी पडते की इतरांना खाली ओढते?

फ्रॉइड "कशामुळे" विचारतो, ॲडलर "कशासाठी". धाकट्याने विसरून काय मिळवले? त्या सकाळपुरता सगळ्या घराचा कणा तोच ठरला. त्याने एक काम केले नाही तर मुंबईकर साहेब पावसात उभे राहतात, हे न बोलता सिद्ध झाले. धाकटे मूल थोरल्याकडे शर्यतीत पुढे धावणाऱ्याकडे बघावे तसे बघते, असे ॲडलरचे निरीक्षण होते, आणि गंमत अशी की तो स्वतः दुसरा मुलगा होता, त्याच्या थोरल्या भावाचे नाव सिग्मुंड होते, आणि ज्या दुसऱ्या सिग्मुंडशी त्याचे बिनसले तो आपल्या आईचा थोरला होता. जन्मक्रमाचे नियम मात्र जपून वापरावेत. ॲडलरही क्रमांकापेक्षा त्या क्रमांकाचा मुलाने काय अर्थ लावला याला महत्त्व देत असे.

त्याचे एक तंत्र नवख्यालाही वापरता येते. माणसाला त्याची सर्वांत जुनी आठवण विचारावी. ती खरी आहे की नाही याला महत्त्व नाही. हजारो प्रसंगांतून त्याने हीच का जपली, हे पाहावे. आपल्या धाकट्याने सांगितले की "दादा होडीत चढला आणि मला किनाऱ्यावर ठेवले", तर त्याची जीवनशैली, म्हणजे जगाकडे पाहण्याची लहानपणीच ठरून गेलेली रीत, ॲडलरला त्या एका वाक्यात दिसली असती.

सातवी पायरी: युंगकडे सावकाश जा

कार्ल युंग १८७५ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मला. झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली रुग्णालयात असताना त्याने शब्दसाहचर्य चाचणीवर काम केले: शंभर शब्द एकेक करून ऐकवायचे, मनात येईल तो पहिला शब्द सांगायला लावायचे आणि लागलेला वेळ मोजायचा. जिथे माणूस अडखळतो, तोच शब्द पुन्हा उच्चारतो किंवा उगाच हसतो, तिथे भावनेची गाठ आहे असे समजायचे. अशा गाठीला त्याने गंड म्हटले. धाकट्याला "डोंगर, पेज, जाळे" हे शब्द सहज गेले असते आणि "वाटणी" या शब्दापाशी तो थबकला असता. नवख्याने युंगची सुरुवात इथून करावी, कारण इथे काहीतरी मोजता येते.

फ्रॉइडशी त्याची भेट १९०७ मध्ये झाली, १९०९ मध्ये दोघे अमेरिकेत क्लार्क विद्यापीठात व्याख्यानांसाठी गेले आणि १९१३ मध्ये संबंध तुटले. युंगला लिबिडो, म्हणजे मनाला चालवणारी ऊर्जा, ही केवळ कामशक्ती वाटत नव्हती, आणि व्यक्तिगत अबोधाच्या खाली सर्व मानवांना समान असा सामूहिक अबोधाचा थर आहे असे त्याचे म्हणणे होते. सामूहिक अबोध म्हणजे गावाची किंवा जातीची साठवलेली आठवण, असा गैरसमज फार आढळतो. युंगच्या मते वारशाने येतात ते रिकामे साचे, म्हणजे आदिबंध. त्यांत भरणारी चित्रे प्रत्येक संस्कृती स्वतःची पुरवते.

व्यक्तिमत्त्वासाठी त्याच्या दोन संकल्पना आधी घ्याव्यात: जगापुढे धरलेला मुखवटा, आणि त्या मुखवट्याशी न जुळणारे म्हणून स्वतःतून वगळलेले सगळे, म्हणजे छाया. धाकट्याचा मुखवटा आज्ञाधारक भावाचा आहे; हिशेब मागणारा, अडवणारा, स्वतःसाठी काही हवे म्हणणारा माणूस छायेत गेला आहे. युंगचा प्रश्न असा की हा वगळलेला भाग माणूस ओळखणार की नाही? छाया म्हणजे केवळ वाईट, असे नव्हे. धाकट्याच्या छायेत त्याची ठामपणे बोलण्याची ताकदही आहे.

आदिबंधांच्या बाबतीत आपल्याकडे एक धोका आहे. दशावतारातल्या किंवा शिमग्यातल्या काळ्या वेशातला संकासुर पाहिला की "हा छायेचा आदिबंध" असे लिहून मोकळे होता येते. असे लिहिण्याआधी निदान एवढे पाहावे की तो काय करतो: इतर पात्रे पुराणातले बोलत असताना तो मालवणीत थट्टा करतो, गावातल्यांना चिमटे काढतो आणि लोक त्याच्यावर खूश असतात. हे तपशील नसतील तर नुसती चिठ्ठी चिकटवल्यासारखे होते. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द युंगच्या १९२१ च्या ग्रंथामुळे सर्वत्र पसरले. त्यांचा अर्थ लाजाळू आणि बडबड्या असा नसून मनाची ऊर्जा मुख्यतः आत वळते की बाहेर, असा आहे.

आठवी पायरी: हॉर्नी वगळू नका

कारेन हॉर्नी अभ्यासक्रमात बऱ्याचदा दोन परिच्छेदांत आटोपली जाते, आणि हे मला खटकते, कारण आपला प्रसंग तिच्याइतका नेमका कुणीच उलगडत नाही. १८८५ मध्ये हॅम्बुर्गजवळ जन्मलेली ही डॉक्टर बर्लिनमध्ये विश्लेषक झाली आणि १९३२ मध्ये अमेरिकेला गेली. स्त्रीच्या मनाचे फ्रॉइडने केलेले वर्णन पुरुषाच्या नजरेतून आले आहे, असे तिने त्याच काळात स्पष्ट लिहिले. मूळ चिंता ही तिची मध्यवर्ती कल्पना: वैरभावाने भरलेल्या वाटणाऱ्या जगात आपण एकटे आणि असहाय आहोत, ही लहानपणी घरातल्या नात्यांतून रुजलेली भावना. तिच्यापासून वाचण्यासाठी मूल तीनपैकी एका दिशेने सरकते, असे तिने १९४५ मध्ये मांडले: लोकांकडे, म्हणजे मर्जी सांभाळत, लोकांविरुद्ध, म्हणजे वरचढ होत, किंवा लोकांपासून दूर. निरोगी माणूस तिन्ही दिशा प्रसंगानुसार वापरतो. अडकलेला माणूस एकच दिशा सक्तीने वापरतो आणि उरलेल्या दोन आत धुमसत राहतात.

धाकटा लोकांकडे सरकणारा आहे. त्याने कधी काही मागितले नाही, म्हणून सगळे त्याला भला म्हणतात, आणि भला म्हटले जाणे हाच त्याचा आधार झाल्यामुळे आता मागणे शक्यच राहिलेले नाही. १९५० मध्ये हॉर्नीने "असायलाच हवे"च्या जुलमाबद्दल लिहिले: मी नेहमी समजूतदार असायला हवे, मला राग यायलाच नको, मी सगळ्यांचे करायला हवे. आदर्श प्रतिमा आणि प्रत्यक्ष माणूस यांतले अंतर जितके मोठे, तितका स्वतःबद्दलचा तिटकारा खोल. फ्रॉइडचा पराहम् आणि हॉर्नीचा हा जुलूम यांची तुलना करणारा प्रश्न स्वतःला घालून पाहावा. फ्रॉइडसाठी पराहम् मनाच्या रचनेचा अटळ भाग आहे, हॉर्नीसाठी हा जुलूम आजारी घडणीचा परिणाम आहे आणि म्हणून तो सैल करता येतो.

नववी पायरी: कोलकात्याकडे एकदा बघा

हे सगळे युरोप-अमेरिकेतलेच, अशी समजूत असेल तर गिरींद्रशेखर बोस यांचे नाव वहीत लिहून ठेवावे. त्यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि फ्रॉइडशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला. प्रत्येक इच्छेबरोबर तिची विरुद्ध इच्छाही मनात असते, असा त्यांचा स्वतंत्र सिद्धान्त होता. शिश्नच्छेदाचे भय, जे फ्रॉइडच्या मते ईडिपस गंडाच्या मुळाशी असते, आपल्या भारतीय रुग्णांत युरोपीय रुग्णांइतके ठळक दिसत नाही, असे त्यांनी फ्रॉइडला कळवले. ईडिपस गंड सर्वत्र सारखाच असतो का, या प्रश्नावर लिहिताना हा दाखला हाताशी असावा.

दहावी पायरी: प्रत्येक अर्थाला अडवून बघा

विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याने या सिद्धान्तांवर घेतलेला आक्षेप असा आहे. एक माणूस मुलाला बुडवण्यासाठी पाण्यात ढकलतो. दुसरा बुडणाऱ्या मुलाला वाचवण्यासाठी जीव देतो. फ्रॉइडचा सिद्धान्त पहिल्यात दमन आणि दुसऱ्यात उदात्तीकरण पाहील. ॲडलरचा सिद्धान्त दोघांतही न्यूनत्वाची भावना पाहील, एकाला गुन्हा करण्याचे धाडस सिद्ध करायचे होते, दुसऱ्याला वाचवण्याचे. जो सिद्धान्त कशानेच खोटा ठरू शकत नाही तो विज्ञानाचा नव्हे, असे पॉपरचे म्हणणे. या आक्षेपाला उत्तरेही दिली गेली आहेत, पण नवख्याने त्याचा उपयोग हत्यार म्हणून करावा.

उजव्या पानावर लिहिलेल्या प्रत्येक अर्थाखाली एक ओळ मोकळी सोडावी आणि तिथे लिहावे: काय दिसले तर मी हा अर्थ मागे घेईन? धाकट्याचे विसरणे अबोध रागामुळे आहे, असे लिहिले असेल तर खाली लिहावे की त्याच सकाळी तो गॅसचा सिलिंडर, भटजींचा निरोप आणि दुर्वा हेही विसरला असेल, तर हे रागाचे नसून दमणुकीचे आणि अपुऱ्या झोपेचे लक्षण मानावे लागेल. रिक्षावाल्याला त्याने दोनदा फोन लावला होता पण रेंज नव्हती, असे निघाले तर तो विसरलाच नव्हता. खोली दोनदा झाडणे ही प्रतिक्रिया निर्मिती म्हणायची असेल तर तो मावशीची खोली किती वेळा झाडतो हे पाहावे लागेल. ही ओळ भरता आली नाही तर अर्थ सुंदर असला तरी पेन्सिलीने लिहावा.

आणि हा सगळा सराव कल्पित प्रसंगांवर करावा. घरातल्या माणसाला जेवताना "हे तुझे प्रक्षेपण आहे" असे सांगितल्याने त्याला काही कळत नाही, फक्त भांडणात एक नवा शब्द येतो. कुणी खरोखरच त्रासात असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर या लेखातले काहीही वापरू नये; रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि १४४१६ हा टेलिमानसचा मोफत दूरध्वनी क्रमांक त्यासाठी आहेत.

मूळ लेखन वाचायचे असेल तर फ्रॉइडच्या स्वप्नांवरच्या जाडजूड ग्रंथापासून आरंभ करू नये. बहुतेक जण पहिल्या प्रकरणातच, जिथे आधीच्या लेखकांचा आढावा आहे, पुस्तक मिटतात. फ्रॉइडची क्लार्क विद्यापीठातली १९०९ ची पाच व्याख्याने छोटी आहेत आणि विषयाची ओळख नसलेल्या श्रोत्यांसाठीच दिलेली आहेत. ती दोन आठवड्यांत होतात. त्यानंतर हॉर्नी घ्यावी, मग ॲडलर, आणि युंग सर्वांत शेवटी, दोन पानांची वही भरत आली असेल तेव्हा.